गावंडे सरांचं शरीर

गावंडे सर जीवशास्त्र शिकवायला स्वतःच्या शरीराशिवाय काही आणत नसत. बार्शीटाकळीच्या आमच्या शाळेत सांगाडा होता, पण तो कपाटात, आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे. सर म्हणायचे, "त्याचं काय काम हाय? तो मेलेला हाय. माह्याकडे पाहा."

आम्ही पाहायचो. पचनसंस्थेच्या तासाला ते वर्गात पेरू खात आणि घास कुठवर पोचला ते बोटाने दाखवत. "आता अन्ननलिका. आता जठर. आता तुमी गप बसा, त्याले काम करू द्या." दुसऱ्या दिवशी उरलेल्या प्रवासाची हकिकतही सांगत. कुणी फिदीफिदी हसलं, तर चेहरा जराही न हलवता विचारत, "हसून कावून राहिला? तुह्या घरी होत नाही काय?" श्वसनाच्या तासाला तोंड लालबुंद होईपर्यंत त्यांनी श्वास रोखला. पहिल्या बाकावरची मुलगी रडायला लागली, तर श्वास सोडून तिलाच रागावले, "रडते काय? निरीक्षण लिही." असा माणूस! आम्हाला फार आवडायचे ते. नियम एकच होता: प्रयोग चालू असताना जागेवरून उठायचं नाही, उत्तर येत असेल तर हात वर करायचा.

हृदयाच्या धड्याला फळ्यावर आकृती काढता काढता ते थांबले आणि खुर्चीत बसले. कपाळावर घाम. "डावा हात भरून आला," ते म्हणाले. "जबडा दुखून राहिला. छातीवर कोणी बसल्यावानी वाटते. काय झालं असंन?"

अख्ख्या वर्गाचे हात वर.

मला तर कौतुक वाटलं, आज सरांनी घामसुद्धा आणला! शेजारचा शरद निरीक्षण लिहायला लागला होता. सर आमच्याकडे बघत होते, आम्ही सरांकडे. कुणी जागचं हललं नाही, कारण आम्ही चांगले विद्यार्थी होतो.

उठली ती लता इंगळे. आदल्या वर्षी तिचे वडील भाजीच्या गाडीवर, तिच्यासमोर असेच गेले होते. "अबे, हे खरं हाय! हात काय वर करता, सरले धरा!" ती ओरडली आणि धावत जाऊन शेजारच्या वर्गातून मराठीच्या मॅडमना घेऊन आली. मॅडमनी आपल्या कारमध्ये घालून सरांना अकोल्याला नेलं. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

बऱ्याच दिवसांनी सर परत आले. वाळले होते, शर्ट सैल झाला होता. आता सगळं सविस्तर ऐकायला मिळणार म्हणून आम्ही वह्या उघडून बसलो. लताने विचारलं, "सर, माह्या बाबाले तवा काय वाटलं असंन?"

सर म्हणाले, "घाम येते, हात दुखते, ते सारं पुस्तकात हाय. पण भेव वाटते, बाई. लय भेव वाटते. तू उठून आली, मंग जरासं कमी झालं." मग त्यांनी विचारलं, "तू होती ना बाबाजवळ?"

"होती."

"मंग त्याइलेही कमी झालं असंन."

लता खाली बसली. सरांनी आमच्याकडे पाहिलं.

"लिहून घ्या," ते म्हणाले.

आम्ही लिहून घेतलं.