नरसय्यांची पातळ भाकरी

आमचे शेजारी नरसय्या बिघडलेली वस्तू कधी लगेच उघडत नसत. पंखा असो, नळ असो, स्टूल घेऊन तिच्यासमोर बसायचे आणि नुसते न्याहाळत राहायचे. घरचे उकाड्याने हैराण व्हायचे. "थांबा की! का बिगडलं ते तर कळू द्या. दुरुस्ती काय, कोन बी करतंय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. सारा जन्म सोलापूरच्या कारखान्यांत बंद पडलेले यंत्रमाग सुरू करण्यात गेलेला. घरात तेलुगू, बाहेर मराठी; प्रश्न दोन्ही भाषांत अखंड.

मधुमेह निघाला तेव्हा ते घाबरले नाहीत, उलट त्यांना नवा माग मिळाला. साखर मोजायचं यंत्र आणलं आणि चिकूपासून शेंगाचटणीपर्यंत प्रत्येक पदार्थासाठी बोट टोचून घेतलं. सुट्टीच्या दुपारी एक बिअर घ्यायची त्यांची जुनी सवय. तिचीही तपासणी झाली. तासाभराने साखर वाढलेली दिसली, तसे माझ्या दारात हजर.

"मास्तर, बियर कशाची करत्यात?"

"जवाची," मी म्हणालो. शाळेत विज्ञान शिकवत होतो, एवढं यायलाच हवं.

"मग धान्यच की! पातळ भाकरी हाय ती."

तेव्हापासून बिअरच्या दुपारी ताटातली ज्वारीची भाकरी बंद. मधुमेहाची गोळी मात्र चालू. मला हा विचार इतका पटला की मी तो शाळेतही कौतुकाने सांगितला.

अशाच एका सुट्टीला, दिवेलागणीच्या सुमारास, नरसय्या झोकांड्या खात आले आणि माझ्या पायरीवर बसले. तोंडाला वास. माझ्याशी तेलुगूत काहीतरी पुटपुटत होते. गल्लीतले हसले, मीही हसलो. त्यांची बायको पद्मक्का धावत आल्या तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, आज जास्त झालीय. झोपू द्या, उतरेल."

त्यांनी नवऱ्याच्या मानेला हात लावला. "एका बाटलीनं हे कवा डुलले न्हाईत, मास्तर. अन् ह्यो घाम कशाचा?"

यंत्र आणलं. साखर चव्वेचाळीस; सत्तरच्या खाली गेली की धोका. मी घाईघाईने साखरेचं पाणी केलं. त्यांना गिळता येत होतं म्हणून बरं. पाव तासाने त्यांनी मला ओळखलं आणि आम्ही दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी समजावलं: बिअरने आधी साखर चढते, पण यकृत दारू निस्तरण्यात गुंतलं की आपल्या साठ्यातली साखर सोडत नाही. भाकरी नाही म्हणून पोट रिकामं, वर गोळीचा जोर. मग काही तासांनी साखर कोसळते, आणि माणूस प्यायल्यासारखाच दिसतो. "झोपवलं असतं तर कदाचित उठलेच नसते."

नरसय्यांचे डोळे मात्र चमकले. "मागावानीच की, डॉक्टर! धागा तुटतोय आत्ता, कापडातलं भोक दिसतंय वीतभर पुढं गेल्यावर. मी तासाभरानं बगून यंत्र ठिवून दिलं. पुढं बगितलंच न्हाय!"

दुसऱ्या दिवशी ते स्टूल घेऊन माझ्यासमोर बसले. किती वाजता डुललो, आधी पाय गेले की जीभ, सगळं विचारलं. शेवटी, "तुमी काय म्हनला?" मान खाली घालून मी सांगितलं, "झोपू द्या म्हणालो."

"चूक न्हाय तुमची. तुमी वास बगितला, हिनं घाम बगितला." एवढंच बोलून त्यांनी चहा मागितला. मला रडू आवरेना.

दुपारची बिअर त्यांनी त्या दिवशीच सोडली. गेल्या वर्षी हृदयविकाराने ते गेले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक चिठ्ठी कायम असायची, ती पद्मक्कांनी मला दिली. आता मलाही मधुमेह आहे. मी पीत नाही, तरी ती तशीच खिशात बाळगतो. त्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलंय: "मी डुलत असलो तर आधी साखर बगा. पिलोय का ते मागनं इचारा."