चालू रेडिओची दुरुस्ती

सकाळचे साडेसात झाले होते. शेगडीवर चहाचं आधण होतं, जमुनाबाई ज्वारीचं पीठ चाळत होत्या आणि फळीवरचा ट्रान्झिस्टर नागपूरचं भजन संपवून बातम्यांना लागला होता. शेषराव खिडकीच्या गजाला आरसा अडकवून दाढी करत होते. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

दारात देवमन उभा. मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरात, फुटक्या डब्याकंदिलांना डाख देऊन सांधणारा. त्याच्या दुकानावर 'रेडिओ दुरुस्ती' अशी पाटी लागून चारच महिने झाले होते. माघात याच ट्रान्झिस्टरला त्यानं जीवदान दिलं होतं. दिवाळीला जमुनाबाई माहेरी मोर्शीला गेल्या, सेल आतच राहिले, फुगून फुटले, आणि त्यांच्या पाण्यानं आतली तांब्याच्या रेघांची पट्टी पार खाल्ली. मोठ्या दुकानातला मेकॅनिक म्हणाला होता, फेकून द्या. देवमननं मात्र तुटलेल्या रेघा तारेनं एकेक जोडून दिल्या.

आज त्याच्या खांद्यावर हत्यारांची पिशवी होती आणि तोंड उतरलेलं.

"बाई, रेडिओ वाजून राहिला का?"

"तुले ऐकू नाही येत काय?" साबणाच्या फेसातून शेषराव गरजले.

"येते ना साहेब. म्हनून तं आलो. तो बंद पडनार हाय. मीच बिघडवला."

शेषरावांचा वस्तरा गालावरच थांबला. "हे बरं हाय! वाजणारा रेडिओ बिघडला म्हणते, मंग दुरुस्त करते, मंग पैसे मागते. काहून रे, धंदा नाही काय आजकाल?"

"एक छदाम नाई घेनार. पन मृग लागाच्या आत उघडू द्या. चार दिस उरले."

जमुनाबाईंनी चाळणी खाली ठेवली. फसवायला आलेला माणूस असा घाम पुसत उभा राहत नाही, हे त्यांना दिसत होतं. "आत ये, देवमनभाऊ," त्या म्हणाल्या. "काय झालं ते नीट सांग."

तो जोत्यावर टेकणार होता. त्यांनी खिडकीजवळची खुर्ची पुढे सरकवली. उजेड तिथेच होता. क्षणभर घुटमळून तो खुर्चीच्या कडेवर बसला.

देवमन मूळ बार्शीटाकळीचा. छप्पन साली बापासोबत नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तेव्हा सतरा वर्षांचा होता. परतीच्या गाडीत बाप एवढंच म्हणाला होता, "गावानं सांगतलेलं काम बस झालं. आता तुह्या मनानं निवड." त्यानं निवडला डाख. विस्तव, सळई आणि नवसागर. नवसागराचा खडा सळईवर घासला की मळ जळून धातू लखलखतो, हे कोणत्याही कल्हईवाल्याला ठाऊक. पुढे अमरावतीला एका रेडिओच्या दुकानात त्यानं वर्षभर झाडलोट केली. मालकानं सळई कधी हातात दिली नाही, पण बघायला कोण अडवणार? बघून बघून तो शिकला. बघायचं राहिलं ते एकच.

"त्यायची डाखाची तार बारीक असे," तो सांगू लागला. "ते नवसागर लावतच नोते. मले वाटे, आळशी लोकं हायेत. मी माह्या दुकानी आपली कल्हईची कांडी घेतली, नवसागर लावला. डाख असा बसला म्हनता! सात रेडिओ केले. मागच्या आठवड्यात एक परत आला. त्यायनं तो पान्याच्या माठापाशी ठेवला होता. उघडून पाहतो तं माहा एकेक डाख हिरवा."

दोन दिवस तो त्या हिरव्याकडे बघत राहिला. मग त्याला अमरावतीच्या केरातून उचलून आणलेला तारेचा तुकडा आठवला. तो त्यानं ब्लेडनं आडवा कापला. तारेच्या पोटात तपकिरी ठिपका होता. तापवला तर वास आला राळेचा.

"राळ पोटातच व्हती, बाई. राळ तांब्याले खात नाई. नवसागर खाते. ओल लागली का जास्तच खाते. उन्हाळ्यानं आतापावतर वाचवलं."

शेषरावांनी तोंड धुतलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि निकाल दिला, "वाजते ना? मंग हात लावाचं काम नाही."

जमुनाबाई उठल्या, फळीवरून ट्रान्झिस्टर काढला आणि देवमनच्या पुढ्यात ठेवला. "झाकण तरी उघडू दे त्याले. पाहायले काय जाते?"

झाकण निघालं. त्यांनी शिवणाचा चष्मा लावला आणि वाकल्या. डाख चांदीसारखे चमकत होते, पण प्रत्येकाच्या कडेला शेवाळाच्या रंगाची बारीक झालर धरली होती. हा रंग त्यांना चांगलाच ओळखीचा होता. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक राहिलं की असंच होतं.

"अहो, हे तं कळकलं!" त्या म्हणाल्या. "असं भांडं मी घरात एक दिवस ठेवत नाही."

शेषराव वाकले, पाहिलं, उजेड अडू नये म्हणून गजावरचा आरसा काढला आणि कपडे घालायला आत गेले.

देवमननं कोमट पाणी आणि खायचा सोडा मागितला. पट्टी मोकळी केली, तांब्याची बाजू खाली धरली, आणि दात घासायच्या जुन्या ब्रशानं हळूहळू घासू लागला. वरच्या भागांवर थेंब चढू नये म्हणून पाणी खालीच गळू देत होता.

"रेडिओ धुऊन राहिला हा!" आतून बाहेर आलेल्या शेषरावांना राहवेना. "आता वाळत घाल दोरीवर."

"दोरीवर नाई साहेब, पाटावर," देवमन मान वर न करता म्हणाला. जमुनाबाईंना हसू आवरेना.

पट्टी स्पिरिटनं पुसून दोन तास उन्हात पाटावर वाळली. कावळा येऊ नये म्हणून जमुनाबाईंनी तिच्यावर पुरणाची चाळण पालथी घातली. तोवर सळई त्यांच्याच शेगडीत तापली. देवमननं जुना डाख एकेक करून उतरवला आणि राळ लावून नवा दिला. स्वयंपाकघर धुपासारखं दरवळलं. शेषराव कचेरीला उशीर झाला असं चारदा म्हणाले, पण हलले नाहीत.

सेल घातले. बटण फिरवलं. आवाज नाही.

"झालं!" शेषराव म्हणाले.

देवमननं झाकण काढलं, बोटानं एकेक तार हलवून पाहिली. आवाजाच्या भोंग्याची तार जोडायचीच राहिली होती. तिला डाख दिला आणि घरात एकदम बाईच्या आवाजातलं गाणं उसळलं.

"मोठा कर जरा," शेषराव म्हणाले, आणि चपला घालून निघाले.

जमुनाबाईंनी घरातल्याच कपात चहा दिला. "बाकीच्या रेडिओंचं काय?"

"परत आलेला नीट केला. दोघायनं उघडू देला. हा चौथा. तिघं दारातूनच वापस धाडतात. त्यातल्या तुमच्या गोदाबाई तं गल्लीत सांगून राहिल्या का देवमन चालू रेडिओ बिघडवाले येते. पावसात ते तिन्ही बंद पडले, तं माही पाटी उतरलीच समजा. मंग पुन्हा कंदील."

गोदाबाई जमुनाबाईंची जुनी मैत्रीण. दर शुक्रवारी दोघींची बैठक असे, आणि आज शुक्रवारच होता.

"मी काय सांगू तिले? तू चांगला कारागीर आहेस म्हणून?"

"नाई, बाई. चूक माहीच व्हती, ते मी सांगतलं त्यायले." देवमननं कप विसळून पालथा ठेवला आणि पिशवी खांद्यावर घेतली. "तुमी एवढंच सांगा, देवमननं आमचा रेडिओ उघडला होता, आन् तो वाजते."