ठशावरचा ओरखडा

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत पिस्कॅटवेला शिकत असताना मी दुपारी एका कृष्णवर्णीय चित्रकर्तीच्या स्टुडिओत काम करायचे. बाई तिखट. शाई जराशी जास्त लागली की माझी बिनपाण्याने हजामत व्हायची, आणि मी घरी येऊन रूममेटवर राग काढायचे. तिच्या मैत्रिणींपैकी कुणी गोधड्यांवर चित्रं शिवायच्या, कुणी मोडक्या गाड्यांचे बंपर वेल्ड करून पुतळे उभारायच्या. हिला मात्र लाकूडच लागायचं; फळीवर चित्र कोरायचं, त्याला शाई लावायची आणि कागदावर छापे काढायचे.

त्या उन्हाळ्यात गोऱ्या पोरांच्या एका टोळक्याने तिच्या मुलाला पेट्रोल पंपावर बॅटने मारून टाकलं. चेहरा इतका ठेचला होता की तिने त्याला बुटांवरून ओळखलं. महिन्याभरात तिने फळीवर त्याचा चेहरा कोरायला घेतला, मार बसण्याआधीचा, हसरा. पटाशीवर लाकडी मोगरी अशी हाणायची की मी लांब उभी राहायचे. बोटं रक्ताळली तरी थांबायची नाही.

छापे काढून झाले आणि ते विकणारा गॅलरीवाला आला. आमच्या कामाची एक रीत आहे. ठरलेले छापे निघाले की मूळ ठशावर, म्हणजे कोरलेल्या फळीवर, रेघा मारून तो बाद करायचा, म्हणजे पुढे कुणी चोरून छापे काढू शकत नाही. मीही तेच शिकले होते, त्यामुळे त्याच्या बोलण्यात मला काही वावगं वाटलं नाही.

"चला, ठसा कॅन्सल करून टाकू," तो म्हणाला.

"हा नाही."

"मॅडम, एका मिनिटाचं काम आहे." त्याने टेबलावरची पटाशी उचलली आणि फळीवरच्या चेहऱ्याच्या गालावरून ओढली.

तिच्या हातातली मोगरी त्याच्या मनगटावर बसली. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. तो खाली कोसळला, तरी तिने मोगरी पुन्हा उचलली, या वेळी डोक्यावर. मी तिला मागून मिठी मारली. तिच्या कोपराने माझा ओठ फुटला. त्याची मला जराही दया आली नाही, पण हिच्या हातून खून होईल म्हणून मी मिठी सोडली नाही.

तो हात छातीशी धरून पळाला. आता पोलीस येणार हे दोघींनाही माहीत होतं. ती ठशाजवळ बसली. गालावर बोटभर ओरखडा उठला होता.

"भुसा आणि सरस भरून बुजवता येईल," मी म्हटलं.

तिने त्यावरून अंगठा फिरवला. "राहू दे," ती म्हणाली. "त्या पोरांनी एवढंच केलं असतं, तर तो घरी आला असता."