गिलाव्याची तहान

नव्या भिंतीपाशी आले की आमच्या घराचा गिलावा करणारे काका आधी हाताची मागची बाजू तिला टेकवायचे, आपण तापलेल्या कपाळाला टेकवतो तशी. मग म्हणायचे, "तहानली बिचारी." आणि पाण्याचा पाइप ओढायचे. असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. भिंतीशी माणसापेक्षा जास्त बोलणारे.

महाराजपुरात आमचं घर बांधून होत होतं. बाबांना आतून जिप्समचा गिलावा हवा होता. लवकर सुकतो, पाणी मारावं लागत नाही. ठेकेदारानं काकांना बजावलं, "चाचा, अब यही चलेगा. सीख लो, नहीं तो दूसरा आदमी देखूँगा."

जन्मभर सिमेंटचा गिलावा केलेले काका जिप्सम शिकू लागले. हात साफ होताच. "ताई, हे तर नवरीला पावडर लावून राहिलो मी," म्हणायचे. माझी शाळा इंग्रजीतली. मराठी समजते, पण बोलताना अडते. मी नुसती हसायचे. "काहून बोलत नाही वो? भिंतीहून तुमीच गप."

एका सकाळी मी गेले, तर काका गुणगुणत बैठकीच्या जिप्समवर पाणी मारत होते.

"काका, ही…" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग पाइपकडे. "अरे देवा." बोट लावलं तर गिलावा दबत होता.

ठेकेदार आला. "ये किसने किया?"

"मैंने. प्यासी लगी."

मजूर हसले. ठेकेदार हसला नाही. "चाचा, आपसे नहीं होगा. कल से मत आना."

काका थापी पुसू लागले. कसं कोण जाणे, मीच बोलले, "भैया, बाहर की दीवार पर तो जिप्सम नहीं लगता न?"

"नहीं, बाहर तो सीमेंट ही."

"तो?"

सगळे माझ्याकडे बघू लागले, मी माझ्या चपलांकडे. ठेकेदारानं डोकं खाजवलं. "ठीक है. बाहर और बाथरूम इनका. पर चाचा, अंदर पैर नहीं रखोगे."

"और पाइप?" काकांनी विचारलं.

"ले जाओ, भाई."

बाहेरच्या भिंती त्यांनी मन लावून केल्या. काम संपल्यावर दुसऱ्या साइटवर गेले, पण रोज सकाळी फोन यायचा. मी सहसा कुणाचे फोन उचलत नाही, हा उचलायचे.

"ताई, पाणी?"

"मारलं."

"मागच्या कोपऱ्याला?"

"हो."

की फोन बंद.

मग एक दिवस फोन आला नाही. म्हणजे भिंत पक्की झाली, आता पाणी नको. मी दुपारपर्यंत फोन जवळ ठेवला. नंतर मागे गेले आणि कोपऱ्यावर पाइप धरलाच.