लॉजवरचे नाना

खंडेराव आहेर म्हणजे देवळ्याचे मोटार रिवाइंडिंगवाले. आसपासच्या गावांत विहिरीवरची मोटार जळाली, की लोक ती मोटरसायकलवर बांधून नाहीतर पिकअपमध्ये घालून त्यांच्या दुकानासमोर आणून टाकत. माणूस बोलायला कमी, पण दुकानात माणसं कायम बसलेली. सगळे त्यांना नाना म्हणत. बायको कलाबाई मात्र भरपूर बोलायची. ती दुपारी जेवणाचा डबा घेऊन यायची आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारत बसायची. नाना मान खाली घालून तांब्याची तार गुंडाळत राहायचे. त्यांच्या वाटचं बोलणं तीच बोलून टाकते, असं लोक हसून म्हणायचे.

कलाबाईंना कॅन्सर निघाला तेव्हा नाशिकला आणावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, रोज रेडिएशनचा शेक द्यावा लागेल, आठवड्यातून पाच दिवस, आणि हे बरेच आठवडे चालेल. देवळ्याहून रोज येणं-जाणं त्यांना झेपणारं नव्हतं. मग मुंबई नाक्याच्या मागच्या गल्लीत, दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, यशोदीप लॉजमध्ये नानांनी खोली घेतली. दुसरा मजला, दोनशे चार नंबर. दोन पलंग, भिंतीला एक टीव्ही आणि उड्डाणपुलाकडे उघडणारी खिडकी. त्या लॉजमध्ये यात्रेकरू फारसे उतरत नसत. बहुतेक पेशंट आणि त्यांची माणसंच. जिन्यात औषधांचा वास आणि गॅलरीत वाळत घातलेले टॉवेल. कलाबाईंनी तिथेही दोन-चार दिवसांत ओळखी करून घेतल्या. झाडझूड करायला येणाऱ्या गोजराबाईची सगळी नातवंडं त्यांना नावानिशी पाठ झाली होती.

शेक संपत आला असतानाच त्यांना ताप भरला. सकाळी रिक्षाने दवाखान्यात नेलं, तिथे भरती करून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. मुलगा हर्षल धावत आला. दवाखान्यातूनच ॲम्ब्युलन्स निघाली ती थेट देवळ्याला. लॉजच्या खोलीची किल्ली नानांच्या सदऱ्याच्या खिशात तशीच राहिली.

घरी माणसांची रीघ लागली. दशक्रिया झाली, गंधमुक्ती झाली. नाना ओसरीवर सतरंजीवर बसलेले असायचे. येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचा. बायका दारातून रडत आत जायच्या. कलाबाईंची बहीण झुंबरबाई तर एकदा समोर येऊन बसली आणि म्हणाली, "नाना, रडा हो. असं दाबून ठेवू नका. रडलं की मोकळं होईल."

नानांनी मान हलवली. आपण काहीच दाबून ठेवलेलं नाही, हे तिला कसं सांगणार? आत काही असतं तर दाबलं असतं. भूल दिल्यावर दात काढतात, तेव्हा आपल्याच तोंडात काहीतरी चाललंय एवढं कळतं, तसं त्यांना सगळं कळत होतं. कोण आलं, कोण गेलं, जेवायला काय होतं. त्यापलीकडे काही नाही.

सगळं उरकल्यावर लॉजवरचं सामान आणायला ते एकटेच सटाण्याहून येणाऱ्या एसटीत बसून नाशिकला आले. लॉजचा मॅनेजर मनोज पेठकडचा, तिशीतला. त्याने खोली दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. "नाना, तुमची किल्ली तुमच्याकडेच होती. म्हटलं, येतील," एवढंच तो म्हणाला. त्याने वाईट झालं वगैरे काही म्हटलं नाही, तोंडाकडेही बघितलं नाही. त्याच वेळी खालच्या मजल्यावरच्या पेशंटसाठी स्ट्रेचर आलं होतं, आणि तो तिकडे पळाला.

नाना वर गेले. कलाबाईंची साडी, लोकरीची टोपी, चपला, स्टीलचा डबा, सगळं पिशवीत भरलं. पिशवीची चेन लावली. मग पलंगावर बसले. बसल्या बसल्या आडवे झाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा ऊन कलून गेलं होतं. ते खाली येऊन मनोजला म्हणाले, "आजचा दिवस राहतो. उद्या निघेन."

दुसऱ्या दिवशीही ते तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशी काही बोललेच नाहीत, आणि मनोजनेही विचारलं नाही.

असे ते लॉजवरचे नाना झाले. देवळ्याचा दुकानाचा गाळा त्यांनी हर्षलला सांगून भाड्याने देऊन टाकला. त्यात लॉजचं आणि खाण्याचं भागत होतं. सकाळी अंघोळ, टपरीवर चहा, मग दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली बसणं. दुपारी पोळीभाजी केंद्रात जेवण. नंतर टीव्ही, आवाज बंद करून. लॉजवर कुणी नवीन उतरलं आणि बाहेर गोंधळून उभं राहिलं, की नाना बोट दाखवायचे, "मेडिकल तिकडं. मऊ भात पाहिजे असेल तर कोपऱ्यावरच्या मावशी करून देतात." लोक आभार मानायचे. नानांना त्याचं बरंही वाटत नसे आणि वाईटही. बोट दाखवायला काही पडत नव्हतं.

तिथे सगळ्यांचीच तोंडं सारखी होती. कोण रडतंय, कोण रडत नाही, याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

हर्षल दर पंधरा दिवसांनी यायचा. कांद्याची गाडी मार्केटला आली, की तिथून सरळ लॉजवर. खुर्ची ओढून बसायचा आणि अहिराणीत म्हणायचा, "नाना, घर चाला ना."

"येसू."

"कव्हय?"

"दखू." बघू म्हणून नाना विषय संपवायचे.

एकदा मात्र तो चिडला. "नाना, गावात लोक काय बोलतात माहितीये? पोरानं बापाला घराबाहेर काढलं म्हणतात. वेदिकानं सासऱ्याला दोन घास दिले नाहीत म्हणतात. ती रडते घरी. तिनं काय केलंय तुमचं?"

"काही नाही केलं. चांगली आहे ती."

"मग?"

नानांनी मुलाकडे पाहिलं. त्याच्या दाढीत पांढरे केस आले होते. याचं वाईट वाटायला हवं, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी थोडा वेळ वाटही पाहिली. मग म्हणाले, "तू जेवून आलास का?"

हर्षल उठला आणि जिना उतरून गेला. खिडकीतून त्याची पिकअप गल्लीच्या तोंडाशी वळताना दिसली. नानांनी टीव्ही लावला.

उन्हाळ्यात सुरगाण्याकडचं एक जोडपं लॉजवर आलं. मंगळू आणि त्याची बायको भागीबाई. भातशेतीवाली माणसं, साठीच्या आतबाहेरची. भागीबाईंना ओटीपोटात शेक चालू होता आणि संडासात उकिडवं बसणं त्यांना अशक्य झालं होतं. लॉजमध्ये कमोड दोनच खोल्यांत. एका खोलीत ऑपरेशन झालेला म्हातारा होता. दुसरी खोली दोनशे चार.

मनोज दारात येऊन उभा राहिला. पायाने उंबरठा घासत म्हणाला, "नाना, मी कधी तुम्हाला काही म्हटलं नाही. पण त्या बाईची फार अडचण होतेय. मागच्या बाजूची दोनशे नऊ देतो तुम्हाला. ती पण चांगली आहे."

"नको," नाना म्हणाले.

इतक्या महिन्यांत त्यांनी कशालाच नको म्हटलं नव्हतं. मनोज "बरं, नाना" म्हणून गेला.

ही खोली सोडली तर काहीतरी होईल, अशी नानांची खात्री होती. काय होईल ते माहीत नव्हतं. बांध फुटेल, म्हणा. किंवा कला पुरती जाईल. ते दिवसभर पलंगावर बसून राहिले. संध्याकाळी चहाला खाली उतरताना जिन्याच्या वळणावर भागीबाई पायरीवर बसलेल्या दिसल्या. एका कुल्ल्यावर भार देऊन, भिंतीला डोकं टेकून. मंगळू पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभा. नानांना जायला वाट द्यावी म्हणून बाई उठायला लागल्या आणि त्यांच्या तोंडून कण्हण्याचा आवाज आला.

नानांना दया आली असं नाही. त्यांनी फक्त हिशेब केला, की हिला कमोड लागतो आणि मला लागत नाही. खाली जाऊन ते मनोजला म्हणाले, "ती खोली दे त्यांना."

गोजराबाईने पिशवी आणि कपडे उचलून दोनशे नऊमध्ये ठेवले. तिथली खिडकी मागच्या भिंतीवर उघडत होती. नाना नव्या पलंगावर टेकले, पाठ टेकवली आणि वाट बघत राहिले.

सकाळी जाग आली तेव्हा ते नेहमीसारखेच झोपून उठले होते. काहीच झालं नव्हतं. काही फुटलं नव्हतं, काही गेलं नव्हतं. खोलीसाठी आपण इथे राहत होतो, असं त्यांनी स्वतःला इतके दिवस सांगितलं होतं, आणि खोली गेली तरी फरक पडला नव्हता. तेव्हा त्यांना भीती वाटली. ते भराभर चपला घालून खाली उतरले आणि टपरीवर गर्दीत जाऊन उभे राहिले. चहा संपेपर्यंत भीतीही ओसरली आणि पुन्हा पहिल्यासारखं झालं.

भागीबाईंचा शेक पूर्ण झाला. गावी निघायच्या दिवशी त्या दोघांनी दोनशे नऊचं दार वाजवलं. मंगळूच्या हातात फडक्यात बांधलेलं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ होतं. पोराने गावाहून पाठवलेलं.

"दादा, हे ठेवा. तुमी खोली दिली, लय बरं झालं," भागीबाई म्हणाल्या. मग खोलीत नजर फिरवून त्यांनी विचारलं, "तुमची बाई कुठं हाय?"

लॉजवर सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे असं कुणी विचारलंच नव्हतं. आणि देवळ्यात सांगायची वेळच आली नव्हती. बातमी त्यांच्या आधी पोचली होती.

"वारली."

"कवा?"

"मागच्या पावसाळ्यात."

"हितं? लॉजात?"

"नाही. दवाखान्यात."

"मग तुमी हितं कशाला ऱ्हाता?"

मंगळूने बायकोला कोपर मारलं. नाना म्हणाले, "माहीत नाही, बाई."

"बरं," भागीबाई म्हणाल्या, आणि दमल्यामुळे पलंगाच्या कडेला जपून टेकल्या. पंखा फिरत होता. खालून मनोजने रिक्षा आल्याची हाक मारली, तेव्हा मंगळूने बायकोला हात दिला आणि ती दोघं गेली. नानांच्या तोंडात तो एक शब्द कितीतरी वेळ राहिला. वारली. त्यांनी तो पुन्हा एकदा, खोलीत एकट्याने, मोठ्याने म्हणून पाहिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मनोजने सांगितलं, की कुंभमेळा जवळ आला आहे, मालक सगळी इमारत पाडून नवी करणार आहेत, लॉज बंद राहणार. त्याच सुमारास वर्षश्राद्धही आलं. लॉजवर राहायला लागल्यापासून नाना पहिल्यांदाच देवळ्याला गेले.

पिंडदान झालं, पंगती उठल्या. झुंबरबाई पुन्हा रडली. वेदिकाने सासऱ्यांच्या पानात आग्रह न करता भाजी वाढली. दुपारी माणसं पांगल्यावर नाना गोठ्याच्या बाजूला कांद्याच्या चाळीजवळ जाऊन बसले. हर्षल सडके कांदे वेगळे काढत होता. नानाही निवडायला लागले. थोड्या वेळाने, मान वर न करता, ते म्हणाले, "तुझी आई गेली तेव्हा मला काही वाटलं नाही, हर्षल. अजून वाटत नाही. लोक तोंडाकडं बघतात. म्हणून तिकडं राहतो."

हर्षल हातातल्या कांद्याची सालं काढत राहिला. मग हळूच म्हणाला, "नाना, मालेबी काही वाटत नही. मी कोनले सांगं नही. वेदिकालेबी नही."

"तू तर रडला होतास. दवाखान्यात."

"सगळे रडत होते म्हणून रडलो."

नानांनी मान हलवली. दोघांनी तो ढीग निवडून संपवला. वेदिका चहा घेऊन आली तेव्हा बापलेक एकाच गोणपाटावर बसलेले होते.

नाना घरी राहिले नाहीत. लॉज बंद झालं तेव्हा हर्षलनेच पाथर्डी फाट्याला एका सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये त्यांच्यासाठी जागा बघितली. तिथे बहुतेक कंपन्यांत काम करणारी, बाहेरगावची माणसं राहतात. आठवड्याला चादरी बदलून मिळतात. एक छोटा ओटा आहे आणि गॅसची शेगडी. गावातले लोक अजून बोलतात. हर्षल आता त्यांना उत्तर देत नाही, आणि घरी चला असं नानांना म्हणतही नाही.

मार्केटला कांदा उतरवला, की तो थेट तिथे येतो. पहाटेपासून उठलेला असतो, त्यामुळे आल्या आल्या दुसऱ्या पलंगावर पडतो आणि झोपतो. नाना पडदा ओढतात. तांदूळ-डाळ धुऊन कुकर लावतात. पाणी किती घालायचं ते अजून त्यांना नीट जमत नाही, कधी खिचडी लागते, कधी पातळ होते. शिट्टीने पोराची झोप मोडू नये म्हणून गॅस बारीक करतात आणि ओट्याला टेकून उभे राहतात. कुकर निवला, की दोन ताटं मांडतात, आणि हर्षल आपणहून उठेपर्यंत थांबतात.