सिस्टरचा कागद

सिस्टर घरात आल्या की चहा घेण्याआधी कागद पुढे करायच्या. "माझा विमा नाही. माझ्या हातून काही चुकलं तर भरपाई मिळणार नाही. पटत असेल तर सही करा, मग पोटाला हात लावते." आमच्या ओळखीचे डॉक्टर नावाआधी डिग्र्या सांगत, ही बाई स्वतःची उणीव सांगायची.

हॉस्पिटलची नोकरी सोडून त्या स्वतंत्र मिडवाइफ झाल्या होत्या. इंग्लंडात बेसिंगस्टोकपासून हाउन्सलोपर्यंत घरोघरी जाऊन बाळंतपणं करायच्या. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या डॉक्टरीणबाई त्यांना 'सुईणबाई' म्हणून नाक मुरडत, आणि सून बाळंत झाली की बाळ दूध का ओढत नाही हे विचारायला गुपचूप त्यांनाच फोन करत. सिस्टर सांगायच्या, "फोन सुनेकडे द्या. तुम्हाला दूध येणार नाहीये."

मी तेव्हा ब्रॅकनेलला एका विमा ब्रोकरच्या ऑफिसात होते. सिस्टरचा विम्याचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. मी पाच कंपन्यांना फोन केले. सगळ्यांचं उत्तर एकच: एका बिघडलेल्या बाळंतपणाची भरपाई आयुष्यभराची, आणि हप्ते भरणाऱ्या स्वतंत्र मिडवाइफ मूठभर. एका शहाण्याने विचारलं, आजवर यांच्या हातून काय चुकलंय? काहीच नाही म्हटल्यावर म्हणाला, मग धोक्याचा अंदाज कशावरून बांधायचा? असल्या लोकांना बढत्या मिळतात.

नकाराचं पत्र माझ्या सहीने गेलं. त्याच आठवड्यात सिस्टरच्या कागदावरही मी सही केली, कारण मला सहावा महिना होता आणि मला त्याच हव्या होत्या. नवऱ्याने तो कागद तीनदा वाचला, जणू चौथ्यांदा वाचल्यावर विमा उगवणार होता. बाळंतपणासाठी पुण्याहून आलेली माझी आई मात्र कामाला लागली. "अहो, माझा भाचा एजंट आहे. वीस वर्षांची पॉलिसी काढून देईल, वर बोनस."

"काकू," सिस्टर म्हणाल्या, "मी मेल्यावर पैसे देणारे पुष्कळ आहेत. मला जिवंतपणी चुकू देणारं कोणी मिळत नाहीये."

माझी मुलगी बाहेरच्या खोलीत झाली, मी सोफ्याला टेकलेली असताना. कळा येत होत्या तेवढा वेळ सिस्टर जमिनीवर दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसल्या होत्या. आईला वाटलं, गारठल्या. "हात मोकळे सोडले की उगाच काहीतरी करत बसतात," त्या म्हणाल्या. वेळ आली तेव्हा मात्र ते हात नेमके जिथे हवेत तिथे होते.

पुढे काही वर्षांनी, विमा नसेल तर कामच करता येणार नाही असा नियम येण्याची चर्चा सुरू झाली. बायकांच्या भल्यासाठी, अर्थातच. विमा विकायला मात्र कोणी तयार नव्हतं. सिस्टरनी नवीन बायका घेणं थांबवलं. सहा महिन्यांनी बाळंत होणाऱ्या बाईला आज हो म्हणायचं आणि मध्येच नियम आला तर तिने कुणाच्या तोंडाकडे बघायचं, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्या परत हॉस्पिटलात लागल्या. तिथला विमा हॉस्पिटलचा.

मी फोन केला तेव्हा विचारलं, आता निर्धास्त ना?

"हो, आता विमा आहे," त्या म्हणाल्या. "काल तीन खोल्यांत तिघी होत्या आणि मी एकटी. हातांवर बसायला वेळच मिळाला नाही."