रेष संपते तिथं

कोरेगावच्या आमच्या पाणी तपासायच्या लॅबमध्ये किस्से कसे साठतात, विचारू नका. सिंकमधल्या काचेच्या भांड्यांसारखे! एक विसळावं तोवर दोन आत पडतात.

परदेशात शिकून, इथलं पाणी सुधारायचंच असं ठरवून मी परतले. पहिल्याच दिवशी यंत्राचं कॅलिब्रेशन केलं. फ्लोराइड किती आहे हे ठाऊक असलेली पाच द्रावणं, त्यांचे पाच ठिपके आणि लॅपटॉपवर रिग्रेशनने, म्हणजे गणिताने, काढलेली रेष; पुढे हिच्यावरूनच कुठल्याही पाण्यातलं फ्लोराइड वाचायचं. ठिपके रेषेला अगदी चिकटून!

पलटणीतून रिटायर झालेले आमचे टेक्निशियन नाना ही रेष पेन्सिलीने काढायचे. चष्मा वर करून म्हणाले, "रेष लय देखणी हाय, मॅडम. पण पाण्याला दाखवलीय का?"

* * *

एकदा शून्य फ्लोराइडचं द्रावणच फ्लोराइड दाखवायला लागलं. तासभर मी यंत्राशी भांडले. मग कळलं, डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून लॅबची भांडी विसळणाऱ्या सुनंदामावशींनी कॅन नळावर भरून ठेवला होता!

"आवं, सगळं कोरेगाव पितंय ते पाणी. तुमच्या यंत्रालाच काय धाड भरलीय?"

* * *

एकदा एक ठिपका रेषेपासून लांब पडला. मी तो सरळ डिलीट केला.

नाना म्हणाले, "पलटणीत एखादा जवान वाकडा उभा ऱ्हायला तर त्याला हाकलत न्हाईत. का वाकडा हाय, ते इचारत्यात."

विचारलं. त्या फ्लास्कमध्ये खुणेच्या वर पाणी मीच भरलं होतं.

* * *

म्हसवडकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका बोअरचं पाणी घेऊन आल्या. नवा पंप एका शेठनी दिलेला, उद्घाटन शुक्रवारी. पोरांनी ते प्यावं की नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

या चाचणीत पाण्यात लाल रंग घालतात; फ्लोराइड जितकं जास्त, तितका तो फिका. त्यांचा नमुना माझ्या शेवटच्या ठिपक्याच्याही पुढे गेला. मी रेष थोडी पुढे ओढली. उत्तर पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या जरासं आत. फोन केला, "पाणी चालेल, बाई."

नानांनी नळी उजेडात धरली. "फिकं व्हायला रंगच उरला न्हाई, तर तुमची रेष काय मोजणार, मॅडम?"

पाणी निम्मं पातळ करून पुन्हा मोजलं, उत्तर दुप्पट केलं. मर्यादेच्या कितीतरी वर! त्याच हाताने पुन्हा फोन लावला. बाई फक्त "बरं" म्हणाल्या.

शुक्रवारी मी स्वतः रिपोर्ट घेऊन गेले. पोरं घरच्या बाटल्या घेऊन रांगेत उभी. उद्घाटनाची लाल फीत बाईंनी नव्या पंपाच्या नळालाच गुंडाळलेली, गाठीवर गाठ मारून.

शेठ नारळ हातात घेऊन ताटकळले होते. "आवं बाई, उद्घाटन कवा?"

"झालं की," बाई म्हणाल्या. "नळ बंद केला, त्याचं!"